भुईतली ठेव

आश्विन सरत आला की आमच्या जोयडा तालुक्यातील परसांवर एक प्रकारची अवकळा पसरल्यासारखी दिसते. ज्या पावसाने चार महिने रानातल्या वाटा बंद केल्या, ओढ्यांना पूर आणले आणि कौलांवर शेवाळ चढविले, तो आता परतलेला असतो. हस्ताची शेवटची सर पडून गेली म्हणजे ऊन एकाएकी कोरडे होते. हळदीची रुंद पाने कडेने पिवळी पडू लागतात, सुरणाची छत्री एका अंगाला कलते, कोनाचा वेल मांडवावर असतो तसाच सुकू लागतो. घरात दिवाळीची झाडलोट चाललेली असते. अशा वेळी परसात डोकावणाऱ्यास सहज वाटते, की घराबरोबर हा पालापाचोळाही एकदा काढून टाकावा आणि भुई स्वच्छ करावी.

आम्हांसही एके वर्षी तसेच वाटले. त्या वाटण्याचे पुढे काय झाले, ती हकीगत या अंकाच्या निमित्ताने सांगावी असे मनात आहे. हकीगत लहान आहे, घरगुती आहे. आणि तिच्यात शहाणपणापेक्षा आमची चूकच अधिक आहे. तथापि विद्यार्थी मित्रांस आणि त्यांच्या घरच्या वडीलधाऱ्या मंडळींस तिच्यातून काही घेण्यासारखे सापडेल असे वाटते.

आमचे घर रामनगरात आहे. पण आमच्या आजीस कोणी गाव विचारले तर ती ‘आम्ही सुप्याकडची’ असेच सांगत असे. सुपा हे काळी आणि पांढरी या दोन नद्यांच्या संगमावरचे गाव. एके काळी साऱ्या तालुक्यास त्याचेच नाव होते. काळी नदी याच तालुक्यात डिग्गीच्या बाजूस उगम पावते आणि सह्याद्रीचा घाट उतरून कारवारजवळ समुद्रास मिळते. तिच्यावर गणेशगुडी येथे धरण बांधण्याचे काम १९७४ साली सुरू झाले आणि १९८७ साली पुरे झाले. त्या भिंतीची उंची १०१ मीटर आहे. तिच्यामागे जे पाणी साठले त्यात सुपा आणि आसपासच्या अनेक वाड्या बुडाल्या. तालुक्याची कचेरी जोयड्यास आली आणि पुष्कळशी कुटुंबे रामनगरात वसली. आज आपल्या घरात जो दिवा लागतो त्यातील थोडा उजेड त्या पाण्याचा आहे, हे आपण सर्व जाणतो. त्या पाण्याखाली कोणाची अंगणे आहेत, हे मात्र नव्या पिढीस फारसे ठाऊक नसते.

आजीचे घर सुप्याजवळच्या एका वाडीत होते. घर सोडावयाचा दिवस ठरला तेव्हा भांडीकुंडी, जाते, पाट, देव्हारा असे सामान ट्रकवर चढले. सर्वांत शेवटी आजी एक बांबूची पाटी घेऊन आली. पाटीत भाताचा पेंढा होता आणि पेंढ्यात राख चोळलेले कंद होते. मुडलीची पिल्ले, कोनाच्या डोक्याकडचे तुकडे, सुरणाचे गड्डे, हळकुंडे, निशिगंधाचे आणि पावसाळी लिलीचे लहानसे कांदे, आणि एका फडक्यात निराळा बांधलेला भुईचाफा. आजोबा म्हणाले, “तिथे लावायला भुई किती मिळेल ते अजून ठाऊक नाही, आणि तू कंद घेऊन निघालीस?” आजी म्हणाली, “भुई मिळेपर्यंत कंद दम धरतात. म्हणून तर त्यांना घेतले.” ही गोष्ट आम्ही आमच्या वडिलांच्या तोंडून ऐकली, आमचा जन्म झाला होता, पण कळावयाचे वय नव्हते.

नव्या जागी पहिले वर्ष ओढगस्तीचे गेले. त्या वर्षी घरचे भात नव्हते. पावसाळ्यात एकदोनदा चुलीवर ठेवण्यास पुरेसे काही नसताना घरातल्या कोणीतरी पाटीतल्या मुडलीकडे बोट दाखविले होते. आजीने ती पाटी उचलून देवघरात नेऊन ठेवली. “हे बियाणे आहे. भूक आजची, हे पुढच्या सर्व वर्षांचे,” एवढेच ती बोलली म्हणे. आमच्या तालुक्यातील कुणबी बांधवांच्या घरांत आजही हा नेम आहे. मुडली खणली की मोठा गड्डा खाण्यास आणि भोवतालची पिल्ले बियाण्यास. कोन खणला की वेलाच्या देठाकडचा तुकडा पुन्हा मातीत. आधी बियाणे बाजूस काढावयाचे आणि मग जेवणाचा विचार करावयाचा.

आता आमच्या चुकीकडे वळतो. आम्ही त्या वेळी इयत्ता आठवीत होतो. दिवाळीची सुटी लागली होती. आजी भाऊबीजेस आपल्या भावाकडे गेली होती आणि तुळशीच्या लग्नाच्या आत परतणार होती. तिला येताच आश्चर्यचकित करावे, असा बेत आम्ही केला. परसाच्या त्या लांबट वाफ्यांमध्ये पिवळी पाने लोळत होती. काही ठिकाणी तर नुसती वाळकी देठे उरली होती. आम्ही कुदळ आणि खुरपे घेऊन सकाळी सुरुवात केली आणि दोन दिवसांत वाफे खणून साफ केले. मातीतून गाठीगाठीचे जे जे निघाले ते पाटीने भरून खताच्या खड्ड्याकडे नेऊन ओतले. शेजाऱ्यांकडून झेंडूची रोपे आणून ती सरळ ओळीत लावली. कडेने दगड मांडले आणि त्यांना चुना दिला. मागे सरून पाहिले तेव्हा परस एखाद्या सरकारी बंगल्याच्या बागेसारखे दिसत होते, आणि आम्हांस स्वतःचा मोठा अभिमान वाटला.

आजी परतली ती संध्याकाळी. पाय धुण्यापूर्वीच ती सवयीने परसात गेली. आम्ही मागोमाग गेलो. ती बराच वेळ उभी राहिली. मग मागल्या पायरीजवळ बसून तिने दोन बोटांनी माती उकरून पाहिली, पुन्हा सारखी केली आणि उठली. “झेंडू चांगला आहे,” ती म्हणाली. ती आमची वाहवा आहे, असे आम्ही समजलो. त्या वयात माणसास शब्द तेवढे ऐकू येतात.

तो हिवाळा गेला. माघ गेला, शिमगा झाला. झेंडू केव्हाच वाळून गेला होता आणि वाफ्यांत चुना दिलेले दगड तेवढे राहिले होते. चैत्र लागला तसे आमच्या ध्यानात आले, की आजी रोज सकाळी मागल्या पायरीजवळ जाऊन भुईकडे पाहत उभी राहते. एके दिवशी आम्ही विचारले, “आजी, काय शोधतेस?”

“भुईचाफा वर यावयाचे दिवस आहेत,” ती म्हणाली. “यायचा नाही, ते ठाऊक आहे मला. पण पाय आपसूक इकडे येतात.”

ज्यांनी भुईचाफा पाहिला नसेल त्यांच्यासाठी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. हे आले-हळदीच्या कुळातले झाड. पावसाळ्यात त्यास रुंद पाने येतात; पानांच्या पाठीस जांभळट रंग असतो. शरदात ती पाने पिवळी पडून नाहीशी होतात आणि पुढे कित्येक महिने त्या जागी काहीएक दिसत नाही. आणि मग ऐन उन्हाळ्यात, भुई तापून भेगाळलेली असताना, पाऊस नाही, पान नाही, अशा वेळी सरळ मातीतून पांढरे-जांभळे सुगंधी फूल वर येते. पाकळ्या जमिनीस टेकलेल्या असतात, जणू कोणी येऊन ते तेथे ठेवून गेले आहे. थंड देशांतील लोक वसंतात उमलणाऱ्या कंदफुलांची वर्णने करतात. आमच्या रानाचे वसंतातले कंदफूल म्हणजे हा भुईचाफा.

आणि त्याची पिवळी पाने आम्ही कार्तिकात कचरा म्हणून काढली होती. त्याचे कंद खड्ड्यात ओतले होते. आम्ही काही बोलू शकलो नाही. आजीनेच मग सांगितले. इथे येऊन तिने जेव्हा पहिल्यांदा वाफे केले तेव्हा ते वाटेल तसे केले नव्हते. वाडीतल्या घराच्या मागे विहिरीपासून गोठ्यापर्यंत जे जे ज्या क्रमाने होते, त्याच क्रमाने तिने ते येथे लावले. तेथे मागल्या पायरीशी भुईचाफा होता, म्हणून येथेही तो पायरीशी होता. “रात्री दिवा न घेता परसात गेले तरी पायाला कळत असे, आता हळद आली, आता सुरण आला,” ती म्हणाली. “ते घर आता कोणाला दाखवता येत नाही. परस तेवढे जवळ ठेवले होते.”

म्हणजे ज्यास आम्ही वेड्यावाकड्या वाफ्यांची रांग समजत होतो, तो एका बुडालेल्या परसाचा नकाशा होता. धरणाच्या पाण्याने जे नेले नाही, ते आम्ही दोन दिवसांत कुदळीने नेले होते. हे ध्यानात आल्यावर आम्हांस किती शरम वाटली, ते येथे लिहिण्याचे कारण नाही.

दुसऱ्या दिवशी आजी आम्हांस बरोबर घेऊन रामनगराच्या दुसऱ्या टोकास गेली. तेथे तिच्या वाडीतली एक शेजारीण राहत असे. आम्ही त्यांना काकी म्हणत असू. काकींच्या पडवीपुढे एक फुटकी घागर मातीने भरून ठेवली होती आणि त्या मातीवर तीन भुईचाफे उमलले होते. आम्ही पाहतच राहिलो. झाले होते ते असे. वाडी सोडण्याच्या आदल्या संध्याकाळी या दोघींनी भुईचाफ्याचा गड्डा खणून त्याचे दोन भाग केले आणि एकेकीने एकेक घेतला. “एकीचा मेला तर दुसरीकडे राहील, असे आम्ही तेव्हाच बोललो होतो,” काकी म्हणाल्या. “बरे झाले गो, आज आलीस. मी म्हणत होते, हिला माझ्या फुलाची आठवण कधी होते.”

आम्ही लगेच खुरपे मागितले. काकी हसल्या. “आज नाही हं, बाळा. फुले उतरू देत. फुले गेली की आणि पान वर यायच्या आधी ये. झोपेत उचलले तर कंदाला कळत नाही.”

म्हणून आम्हांस थांबावे लागले. वैशाखात एकदोन वळीव पडून गेल्यावर आम्ही पुन्हा गेलो आणि केळीच्या पानात गुंडाळलेला कंदाचा तुकडा घेऊन आलो. दरम्यानच्या दिवसांत एक काम आम्ही आपण होऊन केले होते. गणिताची चौकटीची वही घेऊन आजीजवळ बसलो आणि तिच्या सांगण्यावरून त्या जुन्या परसाचा नकाशा काढला. विहीर कोठे, गोठा कोठे, तुळस कोठे, फणस कोठे; विहिरीपासून किती पावलांवर हळद, तिच्या पलीकडे काय. ती वही आम्ही काकींनाही दाखविली. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाल्या, “लिली विहिरीपाशी नव्हती गो. गोठ्याच्या कोपऱ्यावर होती. तुझी म्हैस ती खात असे, आठवत नाही?” आजी म्हणाली, “ती तुझ्या दारची लिली. माझी विहिरीपाशीच होती.” दोघींचा अर्धा तास वाद झाला. त्या वादात आम्हांस एका म्हशीची, एका लग्नाची आणि एका पुराची अशा तीन गोष्टी समजल्या, ज्या तोवर घरात कोणी कधी सांगितल्या नव्हत्या. नकाशात अखेर लिली दोन ठिकाणी काढली.

मृगाचा पाऊस सुरू झाला आणि आणखी एक नवल घडले. खताच्या खड्ड्याच्या कडेने हिरवे कोंब वर आले. पाहतो तो हळद, सुरण, लिली आणि मुडली! आम्ही कचऱ्यात टाकलेल्या कंदांपैकी बरेचसे पालापाचोळ्याच्या उबेत टिकून राहिले होते. भुईचाफा आणि निशिगंध मात्र त्यांत नव्हते. कंद बहुतेक परत मिळाले होते. हरवली होती ती त्यांची रांग. ती आता वहीत होती. आजी पायरीवर बसून सांगत गेली आणि आम्ही वही हाती धरून एकेक कंद त्याच्या जागी लावला. तेच आम्ही आयुष्यात पहिल्यांदा मन लावून केलेले बागकाम.

त्या वर्षी विज्ञानाच्या तासास गुरुजींनी एक कांदा वर्गात आणून उभा चिरून दाखविला. एकात एक बसलेले जाड पापुद्रे म्हणजे अन्न साठविलेली पानेच असून त्यांच्या पोटात, मध्यभागी, पुढल्या हंगामाचा कोंब बसलेला असतो, हे आम्ही प्रथमच पाहिले. कांदा, लिली ही या जातीची. सुरण आणि मुडली यांत मात्र पापुद्रे नसतात. तेथे खोडच फुगून अन्नाचा गोळा झालेले असते. हळद, आले, भुईचाफा यांचे खोड जमिनीखाली आडवे पसरते आणि त्यावर डोळे असतात. रताळे हे तर मूळ. नावे निराळी, घडण निराळी, काम एकच. चांगल्या दिवसांत मिळविलेले वाईट दिवसांसाठी भुईत ठेवावयाचे.

ही मिळकत कोण आणते? पान. आणि येथेच आमच्या चुकीचे मर्म आहे. शरदात पान पिवळे पडते तेव्हा ते निरुपयोगी झालेले नसते. आपल्यात उरलेले अन्नद्रव्य ते खाली कंदात उतरवीत असते. ते हिरवे वा अर्धे पिवळे असताना कापणे म्हणजे कमावत्या माणसास पगाराच्या आदल्या दिवशी घराबाहेर काढणे होय. पान आपोआप वाळून, हलक्या हाताने ओढताच सुटून येईपर्यंत त्यास हात लावू नये. हा शरदातल्या बागकामाचा पहिला नियम.

दुसरा नियम खुणेचा. पान गेले की कंद दिसत नाही आणि माणसाची आठवण पानापेक्षाही लवकर वाळते. म्हणून पान असतानाच शेजारी एक बांबूची काडी रोवावी. तिसरा नियम पाण्याचा. झोपलेल्या कंदास पाणी घालू नये, तो कुजतो. वाफ्यात पाणी साठत असेल तर कंद खणून काढावेत, सावलीत वाळवावेत, नासका, मऊ पडलेला एकेक वेचून टाकावा, चिरलेल्या भागास राख चोळावी आणि कोरड्या वाळूत किंवा पेंढ्यात हवेशीर जागी ठेवावेत. जे भुईतच ठेवावयाचे त्यांवर वाळक्या पानांचे पांघरूण घालावे आणि कुंपण पाहून घ्यावे. आमची घरे रानालगत. साळिंदर आणि रानडुक्कर यांना कंदाची जागा काडी न लावताही कळते! लावावयाची वेळ आली की लिलीसारखे कांदे त्यांच्या उंचीच्या दुप्पट-तिप्पट खोल, कोंब वरच्या अंगास ठेवून लावावेत. आमच्याकडे ही वेळ वैशाखात, मृगाच्या आधी येते.

थंड देशांत हेच काम नेमके उलट ऋतूत करतात, हे ऐकून विद्यार्थ्यांस मौज वाटेल. तेथे ट्यूलिपचे कांदे आपल्या आश्विन-कार्तिकात, जमीन गोठण्यापूर्वी लावतात. त्या कांद्यास सुमारे तीन-चार महिने कडक थंडी मिळाल्यावाचून वसंतात नीट फूल येत नाही. आपल्या देशातही श्रीनगरास दाल सरोवराजवळ ट्यूलिपची मोठी बाग आहे. तेथेही शरदात कांदे लावतात आणि मार्च-एप्रिलात फुले पाहावयास लोक दुरून जातात. त्यांचा कंद थंडी सोसून जागा होतो, आपला ऊन सोसून. मध्ये जी कठीण वेळ असते ती भुईत काढावयाची, हा धर्म दोहोंकडे सारखाच.

ट्यूलिप म्हटले की हॉलंड देश आठवतो. पण ते फूल मूळचे तेथले नव्हे. मध्य आशियाच्या डोंगराळ मुलखातून तुर्कस्तानमार्गे ते युरोपात गेले. क्लूसियस नावाचा वनस्पतिशास्त्रज्ञ १५९३ साली लायडन येथे आला आणि तेथील विद्यापीठाच्या बागेत त्याने ट्यूलिप लावले. हा गृहस्थ युरोपभरच्या आपल्या स्नेह्यांशी कंदांची देवघेव करीत असे. पुढे काही वर्षांत तेथील लोकांस या फुलाचे असे वेड लागले, की एकेका कांद्यास घराएवढी किंमत येऊ लागली. आणि १६३७ सालच्या फेब्रुवारीत तो बाजार एकाएकी कोसळला. ज्या कंदांचे मोल सोन्याने करीत, तेच कंद त्याच देशात दुसऱ्या महायुद्धातील १९४४-४५ च्या हिवाळ्यात उपासमार झाली तेव्हा लोकांनी शिजवून खाल्ले. ही हकीगत प्रथम वाचली तेव्हा आम्हांस देवघरात नेऊन ठेवलेली आजीची पाटी आठवली. ज्यांनी बियाणे खाल्ले त्यांस दोष देता येत नाही. भूक कोणास चुकली आहे? पण ज्यांनी तशा दिवसांतही थोडे राखून ठेवले, त्यांच्यामुळे पुढल्यांस पेरण्यास काही उरते, हेही खरेच आहे.

आणखी एक गोष्ट मनात येते. आपण ज्यांना घरची फुले, घरचे कंद म्हणतो त्यांपैकी कित्येक असेच परमुलखातून आलेले आहेत. आपल्या लग्नाकार्यातला निशिगंध मूळचा मेक्सिकोचा. उपासाचे रताळे अमेरिका खंडातले. पावसाच्या पहिल्या सरीबरोबर उमलणारी अंगणातली लिली तीही तिकडचीच. कोणाच्या तरी गाठोड्यातून, कोणाच्या तरी पाटीतून ते येथवर आले आणि आपल्या भुईत रुळले. घर सोडून निघालेल्या माणसास घर उचलून नेता येत नाही, झाड नेता येत नाही. मूठभर कंद नेता येतात.

आमची आजी पुढे पुष्कळ वर्षे जगली. दर चैत्रात ती पायरीशी उभी राही आणि पहिले फूल दिसले की आम्हांस हाक मारी. आज ती नाही, काकीही नाहीत. गणिताची ती वही आम्ही अद्याप जपून ठेवली आहे. पण तिची फारशी गरज पडत नाही. रात्री दिवा न घेता परसात गेलो तरी आता आमच्याही पायांस कळते.

गेल्या काही वर्षांपासून जोयड्यास हिवाळ्यात कंदमुळांचा मेळा भरतो. कुणबी बांधव आणि भगिनी आपापल्या शेतांतले कोन, कणगी, करांदे, सुरण आणि लहान मुलास उचलवू नये एवढ्या मुडली घेऊन येतात. एकाच जातीचे किती प्रकार असावेत, याचा तेथे गेल्यावर अचंबा वाटतो. शहरातील पाहुणे छायाचित्रे घेतात, विकतही घेतात. आमचे लक्ष मात्र दुसरीकडे असते. विक्री आटोपत आली की दोन वाड्यांतल्या बाया एकमेकींच्या पाट्यांत डोकावतात आणि “हा तुझ्याकडचा एक दे, माझ्याकडचा घे,” असे म्हणून कंद पदरात बांधतात. पैशाची गोष्ट तेथे निघत नाही. त्या दोन पाट्यांत आम्हांस आजी आणि काकी दिसतात.

विद्यार्थी मित्रहो, आम्ही जी बाग साफ केली ती पुन्हा उभी राहिली; त्याचे श्रेय आमच्या पश्चात्तापाकडे जात नाही. पश्चात्तापाने मातीतून कोंब येत नाही. एका बाईने आपल्याजवळचे अर्धे वेळीच दुसरीस दिले होते, म्हणून तो भुईचाफा वाचला. जे कुलपात ठेवले ते एका चुकीने जाते. वाटून ठेवलेले कोठे ना कोठे राहते. कंदांचे जसे आहे तसेच घरातल्या गोष्टींचे, गाण्यांचे आणि आपल्या बोलीतल्या शब्दांचेही असावे. वडीलधारी मंडळी जवळ आहेत तोवर त्यांना विचारून घ्यावे, की आपल्या परसात कोठे काय आहे. आणि वहीचे एक पान त्यासाठी राखून ठेवावे.

येत्या दिवाळीच्या सुटीत घराची झाडलोट करताना परसातही जा. मात्र कुदळ घरी ठेवून जा. पिवळ्या पानांस त्यांचे काम पुरे करू द्या आणि प्रत्येकाजवळ एक काडी रोवा. पुढे ते कंद खणाल तेव्हा त्यांतला एक चांगलासा निवडून शेजारच्या घरी नेऊन द्या.